संत्र्यांची पिशवी

आम्ही कतारमध्ये अल खोरला राहतो. नवरा गॅस प्लांटवर आहे, मी दवाखान्यात नर्स. त्या वर्षी बकरी ईदच्या सुट्टीत नवऱ्याच्या साहेबांनी बोत्स्वानाची सफारी ठरवली. हॉटेल नाही, जंगलातच तंबू ठोकून राहायचं. साहेबांचं कुटुंब भारतात, त्यामुळे ते एकटे आणि मुलीसह आम्ही तिघं. मला जायचंच होतं. इतकी वर्षं वाळू बघितल्यावर रानात मोकळा फिरणारा हत्ती बघायची फार हौस होती.

जंगलात शिरायच्या आधी गावातल्या दुकानात गाईडने इंग्रजीत बजावलं होतं, "तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. संत्री तर घ्यायचीच नाहीत. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो." साहेबांनी मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर हत्तिणींचा कळप आला. एक पिल्लू चिखलात घसरत होतं आणि आई त्याला सोंडेने सावरत होती. मी श्वास रोखून बघत होते. साहेबांना मात्र सिंह हवा होता. "यल्ला, यल्ला, आगे चलो," असं त्यांचं चाललेलं. मग हत्तीण कॅमेऱ्याकडे बघेना म्हणून त्यांनी जीपच्या दारावर थापा मारल्या. तिने कान फैलावले. गाईडने घाईने जीप मागे घेतली. साहेब हसले. आणि माझा नवराही हसला.

दुपारी जेवण झाल्यावर आमची मुलगी तंबूत वाचत पडली. आम्ही जीपजवळ भांडी विसळत होतो. झाडांमधून एक एकटा नर हत्ती आला, अगदी सावकाश. गाईड हलक्या आवाजात म्हणाला, "कोणी हलू नका. तो जाईल निघून."

गेलाही असता. पण साहेबांनी एका हातात मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताने बॅगेतून संत्रं काढून त्याच्यापुढे टाकलं.

हत्तीने ते खाल्लं, सोंड वर करून हवेचा वास घेतला आणि सरळ साहेबांच्या तंबूकडे वळला. आत संत्र्यांची पिशवी होती. शेजारचा तंबू आमचा. त्यात माझी मुलगी.

मी धावणार होते. गाईडने माझा दंड घट्ट धरला. कापड फाटल्याचा आवाज आला, तंबूची काठी मोडल्याचा आवाज आला. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. पिशवी रिकामी करून हत्ती निघून गेला, आमच्या तंबूच्या दोऱ्यांना घासून. आतून बारीक आवाज आला, "मम्मा, इज इट गॉन?"

मी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. आणि मागे साहेब म्हणत होते, "क्या वीडियो आया है, यार!" मग फाटका तंबू दिसल्यावर ते गाईडवरच ओरडायला लागले. ही कसली सेफ्टी, कंप्लेंट करतो म्हणाले.

गाईड म्हणाला, "मला वनखात्याला कळवावं लागेल. माणसाकडे खायला मिळतं हे हत्तीला कळलं की तो पुन्हा येतो. मग एक दिवस त्याला गोळी घालावी लागते."

"रिपोर्ट-बिपोर्ट कुछ नहीं. खलास," साहेब माझ्या नवऱ्याला म्हणाले. "कह दो, अपने आप आया."

मी पुढे झाले. नवरा मराठीत पुटपुटला, "गप्प राहा ना. साहेब आहेत ते."

"तुझे साहेब आहेत," मी म्हणाले. "पोरगी माझी आहे." मग साहेबांकडे वळून हिंदीत सांगितलं, "संतरे आपने डाले. गेट पर मैं खुद बताऊँगी."

ते लाल झाले. नवऱ्याने मान खाली घातली. तेव्हा मला हत्तीपेक्षा त्या दोघांचा संताप जास्त आला. जंगलातून बाहेर पडताना गेटवरच्या वनअधिकाऱ्याला मी सगळं सांगितलं.  

दोहात अल सद्दला साहेबांच्या फ्लॅटवर पार्टी झाली. मी गेले नाही. तो व्हिडिओ टीव्हीवर लावला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे नवऱ्याने येऊन सांगितलं.

हिवाळा लागता लागता गाईडचा मेसेज आला. तो हत्ती दुसऱ्या एका कॅम्पमध्ये घुसला होता. तिथेही तंबू फाडला, एक बाई जखमी झाली. वनखात्याने त्याला गोळी घातली.

मी ड्यूटीवर होते. तिथूनच, नवऱ्याला न विचारता, साहेबांना फोन लावला. "सर, वो हाथी मार दिया उन्होंने."

पलीकडे मीटिंगची गडबड ऐकू येत होती. ते म्हणाले, "कौनसा हाथी?"

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून सांगितलं. सुरुवातीपासून, सगळं. त्यांनी फोन ठेवेपर्यंत मी सांगत राहिले.