आवाजाच्या पुढे

टेबलावरची फूटपट्टी उचलायची, फायलींच्या चवडीवरून सर्रकन न्यायची आणि ती पार पलीकडे पोचली की मग तोंडाने घर्रर्र करायचं. "आवाज आला म्हणजे विमान गेलं समजा, मॅडम. आवाजाच्या पुढं पाहा लागते." आमचे बडे बाबू, म्हणजे शाखेचे हेडक्लार्क, हे दिवसातून चारदा तरी सांगत. मी अनुभाग अधिकारी, म्हणजे त्यांची वरिष्ठ, वयाने त्यांच्या मुलीएवढी, आणि मला ती पट्टी रेघा मारायला हवी असायची.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला ज्योतिषाचं. आमच्या वाट्याला राफेल आलं होतं. रायपुरातल्या बूढापाऱ्याहून नवा रायपुरच्या मंत्रालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये ते नेमकी माझ्या शेजारची जागा धरत आणि बस शहराबाहेर पडायच्या आत माझं डोकं उठवत. दोन इंजिनं. वेग आवाजाच्या जवळजवळ दुप्पट. विमानाचं स्वतःचं वजन दहा टन आणि पंखांखाली, पोटाखाली चौदा जागी टांगून नेणार साडेनऊ टन. "आपल्या वजनाएवढं ओझं उचलते. आपल्या मंत्रालयात असं कोण आहे, सांगा." शिवाय एकाच उड्डाणात हवेतली लढाई, जमिनीवर मारा आणि येताना टेहळणी. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायची. त्यांना पाठमोरा श्रोताही चाले.

बरं, या गृहस्थांनी लढाऊ विमान डोळ्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. सगळं वाचीव ज्ञान. वाटेत मान्याच्या विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान दिसलं की नाक मुरडत, "हे बस आहे, पंखवाली."

एका उन्हाळ्यात शाखेला कूलर घ्यायचा होता. अटी लिहायला मी त्यांना सांगितलं, ही माझीच अवदसा. कूलर सत्तेचाळीस अंशांत आणि धुळीत चालावा, व्होल्टेज पडलं तरी थांबू नये, चाकांवर तिन्ही खोल्यांत फिरावा आणि थंडीत त्याचाच हीटर व्हावा. एकाही दुकानदाराने निविदा भरली नाही. सबंध मे महिना आम्ही फायलींच्या पुठ्ठ्यांनी वारा घेतला. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, अटी खाली आणल्या की कबाडच मिळतं.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा बातमी आली. राज्याच्या सोहळ्यासाठी एक राफेल नव्या राजधानीवरून जाणार होतं. एकदाच, सकाळी अकराला. बडे बाबूंनी आठ दिवस आधी माझ्याकडे गच्चीवर जायची रजा मागितली, चक्क लेखी अर्ज करून. मी वैतागून मंजूर केली.

त्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर वरून मागितलं गेलं. ते जुनं प्रकरण त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सगळी शाखा गच्चीवर गेलेली, तेही दारात पोचलेले. मी हाक मारली.

"बडे बाबू, पाच मिनिटांचं काम आहे. आधी एवढं करून द्या."

ते घड्याळाकडे बघून परत आले आणि लिहायला बसले. चौथ्या ओळीवर असताना काचा थरथरल्या. ते उठले, खिडकीशी गेले. आभाळ निळं होतं, त्यात काहीच नव्हतं. गच्चीवरून आरडाओरडा ऐकू येत होता.

ते परत येऊन बसले. "आवाज आला म्हणजे गेलं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "मॅडम, कोणत्या ओळीवर होतो मी?"

ते उत्तर पुढे दोन दिवस वरच्या साहेबांच्या टेबलावर तसंच पडून होतं. अजून आठवलं की मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते. गच्चीवरची मंडळी सांगत होती, आवाज आला तिकडे माना वळवल्या, तिथे काही नव्हतंच. कुणालाच धड दिसलं नाही. कुठे बघायचं हे ठाऊक असलेल्या एकुलत्या एका माणसाला मी खाली बसवून ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ते गेले.

परवा बस मान्याजवळ आली आणि वर घरघर झाली. साऱ्या बसने आवाजाकडे बघितलं. मी बरंच पुढे बघितलं. विमान तिथेच होतं. सांगायला म्हणून मी शेजारी वळले.