डाव्या कानाचा उंदीर

तिला सगळे फौजदारीण म्हणत. अर्थात पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागे काय चाललंय हे शोधण्यातच तिचा अर्धा जन्म गेला होता. दूधवाल्यादेखत ती दुधात बोट बुडवून बघायची. पाहुणे गेले की चमचे मोजायची, सख्खी नणंद असली तरी. घराला कुलूप लावलं की ते दोनदा ओढायचं, चार पावलं जायचं, परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. तोवर नवरा बिचारा जीप चालू करून बसलेला. तो कधी एका शब्दाने घाई करत नसे. केली असती तर ‘आज कुठे जायची एवढी घाई?’ हे आलंच असतं.

असल्या बाईला उंदीर पकडायच्या कामावर ठेवणाऱ्याला माणसांची पारख होती म्हणायची. जंगलाच्या काठावर एक संशोधन केंद्र होतं. नवरा तिथली जीप चालवायचा, ही तिथले पिंजरे सांभाळायची. एके काळी जंगल सलग होतं. मग मधून रस्ता गेला, रस्त्यामागून लाकडाची वखार आली, गोदामं आली, आणि पलीकडे वखारीच्या मागे झाडांचा जेमतेम एक तुकडा उरला. अलीकडे मोठं जंगल, पलीकडे हा तुकडा. दोन्हीकडे संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी उघडायचे, सापडलेल्या रानउंदराच्या कानात बारीकसा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा आणि त्याला जिथल्या तिथे सोडून द्यायचं. मोठ्या जंगलातला असेल तर डावा कान, तुकड्यातला असेल तर उजवा.

हे कानांचं गणित तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. जीपवाल्यांची तोंडं चहाच्या टपरीवर सैल सुटतात, असं तिचं पक्कं मत होतं. कामाची गोष्ट घरात काढायची नाही म्हणजे नाही.

तुकड्यातले उंदीर मात्र तिच्या डोळ्यांदेखत संपत चालले होते. आधी चिचुंद्र्या दिसेनाशा झाल्या. मग झाडावर चढणारे लांब शेपटीचे गेले. उरले ते तेच ते जुने, अंगावरचे केस गेलेले; नवं पिल्लू नाही की नवा पाहुणा नाही. केंद्रातल्या संशोधक बाईंनी तिला समजावलं होतं, की हे प्राणी डांबराच्या कडेपर्यंत येतात, उघड्यावर जायला बिचकतात आणि माघारी फिरतात. इकडचा तिकडे जात नाही, तिकडचा इकडे येत नाही. तुकड्यात एखादं वर्ष वाईट गेलं, तर रिकामी झालेली जागा भरायला येणार कोण? म्हणून बाई रस्त्याच्या कचेरीमागे लागल्या होत्या, की रस्त्याखालून झाडोऱ्याची एक वाट काढून द्या. कचेरीतले साहेब एकदा येऊन गेले. रिकामे पिंजरे बघून म्हणाले, उंदीर नाहीत की तुमच्या बाईला पिंजरे लावता येत नाहीत?

ते वाक्य तिला फार लागलं. चोर म्हटलेलं परवडलं असतं. जेवणावरून तिचं मन उडालं. ताटात चिवडत बसायची, नवऱ्याने विचारलं की ‘काही नाही’ म्हणायची. अशीच ती सुकत चालली होती.

आणि एका सकाळी तुकड्यातल्या एका पिंजऱ्याचं दार पडलेलं दिसलं. आत उंदीर. छान गुबगुबीत. तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याला अलगद धरलं, कान बघितला, आणि हात तसाच थांबला. बिल्ला डाव्या कानात होता.

नेमाप्रमाणे उंदीर तिथेच सोडून तिने बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग त्यांचं तोंड उतरलं. मोठ्या जंगलातला उंदीर आपल्या पायांनी रस्ता ओलांडून आला असेल तर खालून वाट हवीच कशाला? साहेब आठवड्याभरातच बैठकीला यायचे होते, आणि बाई काही आकडा लपवणाऱ्यातल्या नव्हत्या.

फौजदारिणीला मात्र काही केल्या हे पटेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला शिकवलं होतं, की उंदराइतकाच पिंजराही बघत जा. रात्रभर आत बसलेला उंदीर खाणं खातो, गवत विस्कटतो, लेंड्या टाकतो. आणि हा पिंजरा? शेंगदाण्याचं कूट जसंच्या तसं. गवत तिने घातलं तसं. लेंडी नावाला नाही. उंदराच्या नखात एक लाल धागा अडकला होता तेवढा. तो तिने सवयीने खिशात टाकला होता. कुठलीही वस्तू फेकणं तिला जमतच नसे.

कुणीतरी तो उंदीर आणून ठेवला होता, आणि थोड्याच वेळापूर्वी. मग काय, तिची फौजदारी सुरू झाली. कचेरीचा एक माणूस मोजपट्टी घेऊन वखारीपाशी घुटमळत होता. त्याला तिने गाव कुठलं, मुलंबाळं किती इथपासून खोदून विचारलं. वखारीचा राखणदार नजर चुकवतोय असं तिला वाटलं. तो बिचारा एका डोळ्याने अधू होता. टपरीवरच्या चहावालीने मागे कधीतरी ‘उंदरांचं करता काय हो?’ असं विचारलं होतं, ते आता आठवलं. चहावालीवर तर तिचा दुहेरी राग होता. नवऱ्याची लोकरीची टोपी चार दिवस दिसत नव्हती. विचारलं की म्हणायचा, राहिली असेल कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसरी टोपी विणून द्यावी, म्हणजे जुनी शोधायच्या निमित्ताने टपरीवर जायला नको, अशा विचाराने तिने बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ट्रंकेतून जुन्या टोपीची उरलेली लोकर काढली. लाल गुंडा हातात घेतला आणि मनात पाल चुकचुकली. तिने खिशातला धागा काढून गुंड्यावर ठेवला. मग तो गुंड्यात दिसेनासाच झाला.

नवरा हातपाय धुऊन आत आला. ती ओरडली नाही, याचीच त्याला भीती वाटली.

“टोपी आणा,” ती म्हणाली.

तो जीपकडे गेला. सीटखालून टोपी काढून त्याने तिच्यासमोर ठेवली. आतून कुरतडलेली होती.

“तू जेवत नव्हतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, एक उंदीर निघाला तर तुझ्यावरचा बोल जाईल. तू जंगलात लांबच्या रांगेत होतीस. मी जवळच्या पिंजऱ्यातला उचलला आणि पलीकडे नेऊन ठेवला.”

“कानात बिल्ला दिसला नाही?”

“दिसला ना. म्हटलं, सगळ्यांनाच असतो.”

“अहो, डावा कान इकडचा, उजवा तिकडचा. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?”

“तू कधी सांगितलंस?”

सगळ्या जगाच्या पाठीमागे काय चाललंय ते तिला हवं असायचं, आणि शेजारी जेवायला बसणाऱ्या माणसाला तिने एका कानाचीही गोष्ट सांगितली नव्हती. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून स्वतःची लाज वाटली. बोलावं तर त्याची जीप जाणार. गप्प बसावं तर ती वाट जाणार, आणि तुकडा कायमचा मरणार. नवरा एवढंच म्हणाला, की तू ठरवशील ते.

बैठकीत साहेब खुशीत होते. उंदीर हुशार निघाले म्हणाले. ती दाराशी उभी होती, तिथूनच बोलली.

“साहेब, तो उंदीर चालत आला नाही. आमच्या घरातल्याने टोपीत घालून आणला. त्यांना कानांचं गणित ठाऊक नव्हतं, आणि बाईंना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.”

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. दुधात बोट बुडवताना ती दूधवाल्याकडे बघायची, अगदी तशी नजर. ते हळूच म्हणाले, “मग याआधीचे रिकामे पिंजरे तरी खरे कशावरून?”

इतक्या वर्षांचं तिचं काम त्या एका प्रश्नात गेलं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. डोळे पुसून म्हणाली, “नका धरू खरे. तुमचा माणूस पाठवा. माझ्या मागे उभा करा. मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं.”

तसंच झालं. नवऱ्याची जीप गेली. केंद्राने त्याला कुंपणाच्या डागडुजीवर लावलं. मोजपट्टीवाला रोज सकाळी तिच्या मागोमाग फिरू लागला. प्रत्येक पिंजऱ्याचं दार स्वतः ओढून बघायचा, पुढे जायचा, परत येऊन पुन्हा ओढायचा. तिने त्याला कधी टोकलं नाही. तुकड्यातले पिंजरे रिकामेच निघत होते. तो आकडा आता त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा होता, आणि साहेबांना तो मानावा लागला. रस्त्याखालच्या वाटेसाठी आखणी करायला माणसं आली तेव्हा बाईंनी तिचा हात नुसता धरून ठेवला.

त्याच सुमारास तुकड्यात एक दार पडलेलं मिळालं. आत तोच गुबगुबीत, डाव्या कानाचा. सगळ्या तुकड्यात तेवढा एकच. या खेपेला पिंजऱ्यात लेंड्या होत्या, कूट साफ होतं. बाई म्हणाल्या, याला घरी पोचवा.

नवऱ्याने ती कुरतडलेली टोपी पुढे केली. तिने उंदीर टोपीत सोडला आणि दोघं रस्त्याच्या कडेला गाड्या थांबायची वाट बघत उभी राहिली. उभ्या उभ्याच ती त्याला सांगू लागली, बिल्ला कसा अडकवायचा, कुठल्या बाजूचा कुठला कान.

“डावा म्हणजे त्याचा डावा, की आपल्या समोरून डावा?” त्याने विचारलं.

“त्याचा,” ती म्हणाली, आणि टोपीचं तोंड किंचित उघडून त्याला दाखवलं.