साडभाऊंचे उभे पाट

ज्याच्या अंगणात मेलेली माणसं रोज न चुकता सराव करतात असा गृहस्थ अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा हा माझ्या पत्रिकेतला दोष असला पाहिजे. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला साडू म्हणतात, पण साडू या शब्दात तो जिव्हाळा नाही आणि ती धास्तीही नाही. आमचे साडभाऊ पुलगावचे. उभा जन्म कापडगिरणीत गेला, पण काय करत होता असं विचारलं तर गिरणीचं नाव घेत नाहीत. "मी राइट-इन होतो," एवढंच सांगतात. गिरणीच्या हॉकी संघात पुढे पाच जण खेळायचे, त्यांतला मधल्याच्या उजव्या हाताला असतो तो राइट-इन. गिरणीतून साडभाऊ निवृत्त झाले, राइट-इनमधून अजून झालेले नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते यजमानाच्या उजव्या बाजूला आणि किंचित मागे बसतात. बाजारात पिशवीतून लिंबू घरंगळलं तर वाकून उचलत नाहीत. छत्रीच्या मुठीनं अडवतात, डावीकडे बघतात आणि उजवीकडे ढकलतात. एकदा तसं ढकललेलं लिंबू थेट कापडाच्या दुकानात गेलं आणि गादीवरच्या शेटजींनी सवयीनं त्याला नमस्कार केला. तेव्हापासून भाजीवाल्या बायका त्यांना लिंबं फडक्यात बांधूनच देतात.

म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद असावा, हे मलाही मान्य आहे. कुणी गुलाब लावतो, कुणी सुनेच्या चुका काढतो. साडभाऊंनी मागच्या अंगणात सरावाचं सामान मांडलं. विकतचं काही नाही. एका टोकाला, स्वयंपाकघराच्या दारासमोर, बांबूंची चौकट, म्हणजे गोल. त्याला कापसाच्या जिनिंगवरून आणलेल्या बारदानाचा पडदा, आणि पडद्याच्या चारी कोपऱ्यांत चेंडू जाईल एवढी भोकं. त्या भोकांतून चेंडू मारणं म्हणजे शॉटचा सराव. हे झालं एकट्याचं काम. पण पास एकट्यानं देता येत नाही. समोर चेंडू परत देणारा कुणी लागतो, आणि साडभाऊंच्या बरोबरचे ते चौघे तर एकेक करून वर गेलेले. दुसरा कुणी असता तर भिंतीवर चेंडू मारत बसला असता. साडभाऊंनी काय केलं ते सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

सोबती गेला की साडभाऊ त्याच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, जायचे, पोटभर जेवायचे, भजी पुन्हा मागून घ्यायचे, आणि हात धुऊन आले की त्याच्या बायकोपुढे उभे राहून म्हणायचे, "वहिनी, त्याचा पाट देता काय मले?" पाट म्हणजे गेलेला माणूस ज्यावर बसून रोज जेवला तो. आमच्याकडे जेवण झालं की पाट भिंतीला उभा करून ठेवतात. रिकामा पाट मांडून ठेवू नये, नको तो येऊन बसतो, असं म्हणतात. माणूस गेला की त्याचा पाट तसाच भिंतीला उभा राहतो, आणि तो पाहून घरच्यांना रडू येतं. तेव्हा नाही कोण म्हणणार? साडभाऊ तो पाट सायकलला बांधून पुलगावला आणत, अंगणात त्या सोबत्याच्या जागी लांब कडेवर उभा करत, मागून दोन खुंट्या ठोकत आणि चेंडू मारत. चेंडू पाटावर आपटून परत येई. असे चार पाट, चार जागांवर. त्यांच्यात आपल्या जागी साडभाऊ, हातात हॉकीची काठी, डोक्याला उपरणं.

इथवर मी हसू शकतो. पुढचं हसण्यासारखं नाही. ते पाट चेंडू आपापल्या स्वभावाप्रमाणे परत देत. डाव्या कडेचा लेफ्ट-आऊट हा मुळातच आळसावलेला गडी होता म्हणे. त्याच्या पाटाकडे गेलेला चेंडू क्षणभर तिथेच रेंगाळायचा, जसं कुणी मान वर करून विचार करतंय, आणि मग निघायचा. त्याच्या शेजारचा लेफ्ट-इन थट्टेखोर. त्याचा पास हमखास आपल्या दोन पायांच्या मधून जायचा. राइट-आऊट फार सज्जन, त्याचा चेंडू काठीला येऊन टेकायचा. आणि मधला, सेंटर फॉरवर्ड! या माणसानं जिवंतपणी कधी कुणाला पास दिला नव्हता. त्याच्या पाटावर चेंडू आपटला की तिथेच मरून पडायचा. साडभाऊ ओरडायचे, "अबे दे ना पास! मेला तरी सुदरला नाई थो!"

मी आमच्या सेलूहून गेलो की हे बघत बसायचो. मी जात्याच भित्रा, आणि भित्र्या माणसाला विज्ञानाचा फार आधार असतो. एकदा मे महिन्यातल्या भर दुपारी मी म्हणालो, "साडभाऊ, कुणाचा पाट सागाचा असेल, कुणाचा कडुनिंबाचा. लाकूड वाकतं, पोचे पडतात. चेंडू त्याप्रमाणेच येणार."

"असंन," ते म्हणाले. "मंग बदलून पाहा."

बरोबर बारा वाजले होते. पुलगावात त्या वेळेला कुत्रंही रस्त्यावर नसतं, झाडाची सावली झाडाखालीच दडून बसते. मी लेफ्ट-इनचा पाट उपटून सेंटर फॉरवर्डच्या जागी लावला, सेंटर फॉरवर्डचा लेफ्ट-इनच्या जागी. साडभाऊंनी मधल्या जागेवर चेंडू मारला. तो आपटला आणि मरून पडला. मग डावीकडे मारला. तो आला आणि थेट माझ्या दोन पायांच्या मधून गेला. वारा नव्हता, तरी माझ्या मानेवर कुणीतरी हसल्यासारखं झालं. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "जागा माणसाची रायते, साडभाऊ, पाटाची नाई." माझा बनियन घामानं चिंब झाला होता, आणि तो उन्हानंच झाला असं मी घरी सांगितलं.

ही कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. एका शाळेचे क्रीडाशिक्षक अंगण पाहायला आले आणि हरखून गेले. शहरात असले बोर्ड विकत मिळतात पण इतका जिवंत पास देत नाहीत, म्हणाले, आणि आमच्या शाळेला असाच एक संच करून द्या, असा आग्रह धरून बसले. साडभाऊ ओशाळले. "देतो ना गुरुजी," ते म्हणाले, "पण सध्या माल नाई. आमचा गोलकी अजून ठणठणीत हाये." तो गोलकीपर हिंगणघाटला असतो. हे कानावर गेल्यापासून त्यानं घरात लाकूड म्हणून ठेवलेलं नाही. लोखंडी टेबलावर जेवतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, आणि साडभाऊ भेटीला गेले की बायकोला आतून कडी लावायला सांगतो. "थो माही तब्येत पाहाले येत नाई," असं त्याचं म्हणणं, "मापं घ्याले येते."

या सगळ्यात खरी भरडली गेली ती आमच्या हिची थोरली बहीण, साडभाऊंची बायको. आम्ही तिला ताई म्हणायचो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून ती भाजी निवडायची, आणि साडभाऊंचा चुकलेला प्रत्येक शॉट पडद्याच्या बाजूनं थेट तिच्याकडे यायचा. मग गुडघ्यावर हात ठेवून, पाट करकरवत ती उठायची, चेंडू परत फेकायची आणि साडभाऊंचा उद्धार करायची. बसते न बसते तोच पुढचा चेंडू. सून म्हणून आली तेव्हापासून हेच; तेव्हा पडदा नव्हता, पण चेंडू होताच. उन्हाळ्यात मात्र ती चारी पाटांवर ओलं फडकं टाकायची. "तुमच्या उन्हात मेले बिचारे पुन्हा मरतीन," म्हणायची. एकदा माझ्यादेखत तिनं साडभाऊंना बजावलं, "आयकून ठेवा. मी गेली का माहा पाट त्या अंगणात उभा करू नका. जलमभर तुमच्या चेंडूपायी उठ-बस केली मी. मेल्यावर तरी मले बसू द्या. भाऊजी, तुमी साक्षीले हाव." मी हसत मान डोलावली. साडभाऊ हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

कापूस वेचणीच्या दिवसांत ताई गेली. सकाळी बरी होती, दुपारी नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा साडभाऊ अंगणात काठी धरून उभे होते. तेरवीपर्यंत त्यांनी रोज चेंडू मारला, आणि रोज तेच झालं. चारही पाटांवर चेंडू आपटायचा आणि तिथेच पडायचा. लेफ्ट-आऊट नाही, लेफ्ट-इन नाही, सज्जन राइट-आऊटसुद्धा नाही. "सुतक पाळून राह्यले," साडभाऊ म्हणाले आणि काठीनं चेंडू गोळा करायला लागले. मला विज्ञानाचं एकही वाक्य आठवेना.

तेरवीची पंगत उठली आणि साडभाऊंनी भिंतीला उभा असलेला ताईचा पाट उचलला. आमची ही एकदम रडायला लागली. "भाऊजी, ताईनं नको म्हटलं होतं," ती म्हणाली. पाट छातीशी धरून ते अंगणात गेले. खुंट्या तोडून तयार होत्या, हे मला दिसत होतं. मग ते माझ्याजवळ आले. "उभा केला तं थे रोज भेटन मले, साडभाऊ," ते म्हणाले. "चौघंही भेटतात ना? पन उभं रायनं तिच्या जिवावर येते." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि त्यांनी पाट जमिनीवर आडवा मांडला. हातानं पुसला.

"रिकामा पाट मांडू नये, भाऊजी," आमची ही दबक्या आवाजात म्हणाली.

"रिकामा कोठी हाये?" साडभाऊ म्हणाले.

मग त्यांनी काठी घेतली आणि गोलावर शॉट मारला. चुकला. चेंडू पडद्याच्या बाजूनं घरंगळत गेला, त्या पाटाला हळूच लागला आणि थांबला. आणि पाट करकरला. कुणी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागलं की जसा करकरतो, अगदी तसा. आमच्या हिनं माझा दंड घट्ट धरला.

"बस, बस," साडभाऊ म्हणाले. "उठू नको. मी घेतो."

करकर थांबली. साडभाऊ काठी टेकत गेले, वाकले आणि स्वतःच्या हातानं चेंडू उचलून आणला. इतक्या वर्षांत चेंडूसाठी मी त्यांना प्रथमच वाकताना पाहिलं. जागेवर येऊन त्यांनी चेंडू समोर मारला. तो गेला सेंटर फॉरवर्डकडे, ज्यानं कधी कुणाला पास दिला नव्हता त्याच्याकडे. आपटला, आणि अलगद परत येऊन साडभाऊंच्या काठीला टेकला. "एवढं कशाले बे," साडभाऊ पुटपुटले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

साडभाऊ अजून तिथेच आहेत, परगावच्या मुलाकडे जायचं नाव काढत नाहीत. चुकलेला चेंडू आता तेच जाऊन आणतात, त्यामुळे नेमही पुष्कळ सुधारला आहे. मी मात्र हल्ली पुलगावला जरा कमीच जातो. पण घरी ताटातलं लिंबू घरंगळत चुलीपाशी गेलं आणि आमची ही गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली, की मी हात आडवा करून तिला थांबवतो. बस तू, म्हणतो मी, आणि आपणच उठतो.