विश्राम म्हणायला कुणी नव्हतं

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानात होती, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि श्रीगोंद्याकडचं गाव सोडून भिंगारला घर केलं. नागरिक लोक मला लढाईबद्दल विचारतात. मी त्यांना एका मंगळवारची हकीकत सांगतो. त्या दिवशी एकही गोळी सुटली नव्हती. जागा म्हणजे भिंगारमधलं एक साधं मैदान, आणि हजर होते ते सगळे साठी ओलांडलेले फौजी.

रोज सकाळी सहाला आमचं फॉल-इन, म्हणजे रांगेतली हजेरी, असायचं. हे वेड सुभेदार शेळके साहेबांचं. साहेब पाथर्डीकडचे, आमच्यात सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत ताठ. पेन्शनीवर आलेल्या फौजीचं काय होतं ते आमच्याकडे बघून कळत होतं. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे, दिवसभर टीव्हीपुढे बैठक आणि घरच्यांवर विनाकारण डाफरणं. साहेबांनी एकेकाला कॉलर धरून आणावं तसं घरातून बाहेर काढलं.

आधी मैदानाला फेऱ्या, मग मागच्या चढावर चालणं. खाली आलो की हात न टेकता खुर्चीतून उठायचं, आणि शेवटी एका पायावर उभं राहायचं.

"म्हातारा न्हाणीत घसरला की गेला कामातून," साहेब म्हणायचे. "तोल सांभाळा. बबन, पाय खाली टेकवू नको!"

लान्स नाईक बबन हा आमचा खवय्या. त्याच्या ताटातलं लोणचं आणि पापड साहेबांनी बंद केले. संध्याकाळी कट्ट्यावर गप्पांना यायचं, तेही सक्तीनं. एकट्यानं घरात बसून राहणाऱ्याच्या दारात साहेब स्वतः उभे राहत. आम्ही कुरकुरलो, पण वर्षभरात माझी ढेरी उतरली आणि जिना चढताना कठडा धरायची गरज राहिली नाही. माझी बायको साहेबांना देवमाणूस म्हणायची. मलाही ते मान्य होतं.

चढावर एका ठिकाणी साहेब थांबायचे आणि बुटाची लेस बांधायचे. आम्हीही थांबून धापा टाकून घ्यायचो. मग ते उठून म्हणायचे, "चला! शेप वन हाय ना आपून?" फौजेत पूर्ण तंदुरुस्त जवानाला शेप वन म्हणतात. साहेबांना त्या शब्दाचा फार अभिमान.

नागरिकांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. फौजेत आजारी जवान सिक रिपोर्ट करतो. पण तो वरचेवर केला की कामचुकार म्हणून नाव खराब होतं, आणि मेडिकल कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडतं. म्हणून दुखणं गिळायची सवय लागते, आणि ती पेन्शनीबरोबर घरी येते. दुसरी गोष्ट परेडची. तासन् तास उन्हात उभं असताना एखादा जवान चक्कर येऊन कोसळतो. तेव्हा शेजाऱ्यानं हलायचं नसतं. मागचे लोक येतात, त्याला उचलून नेतात. रांग मोडत नाही. हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं आहे की त्याचा विचारही करावा लागत नाही.

त्या मंगळवारी चढ उतरून आम्ही रांगेत आलो. साहेब समोर उभे राहिले. चेहरा पांढरट वाटला, पण थंडीचे दिवस होते.

"परेड, सावधान!"

टाचा जुळल्या. पुढचा हुकूम आला नाही. साहेबांचा हात छातीकडे गेला, गुडघे वाकले आणि ते तोंडावर पडले. त्यांची टोपी घरंगळत माझ्या बुटापाशी आली.

आणि आम्ही उभे राहिलो.

हे मला अजूनही खरं वाटत नाही. मुठी पॅन्टच्या शिवणीला, नजर समोर, हनुवटी वर. विश्राम म्हणणारा माणूसच जमिनीवर पडला होता, आणि अख्खी रांग हुकुमाची वाट बघत होती. किती वेळ गेला, कुणालाही सांगता येत नाही. रांगेत माझ्या शेजारी असलेला यूसुफभाई म्हणतो क्षणभर. बबन म्हणतो, खूप वेळ.

मैदानाच्या कडेला फुलांचे हार विकणारी एक बाई बसायची. तिनं टोपली टाकली आणि धावत आली.

"आवं मुडद्यांनो, मानूस पडलाय! बघताय काय निस्तं?"

तेव्हा कुठे आम्ही हललो. बबननं साहेबांना उताणं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. तो मोठ्यानं मोजत होता आणि मध्येच रडत होता. यूसुफभाई सिग्नलमधला माणूस, सगळी नोकरी वायरलेसवर गेलेली. त्यानं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"कॅज्युअल्टी वन. श्वास बंद. लोकेशन भिंगार, मोठं मैदान, पूर्वेकडचं गेट. ओव्हर."

"काका, ओव्हर म्हणजे?" पलीकडून मुलीचा आवाज आला.

यूसुफभाई वायरलेसची भाषा विसरला. "बेटी, आमचे साहेब पडलेत. लवकर पाठव गं."

गाडी लवकर आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बरीच खटपट केली, मग बाहेर येऊन नकारार्थी मान हलवली. मी विचारलं, "आम्ही लगेच छाती दाबली असती, तर वाचले असते का?"

"शक्यता वाढली असती. खात्रीनं नाही सांगता येत."

त्यांनी सरळ हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नर्सनं साहेबांचं सामान एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. वर बूट होते. लेसला दुहेरी गाठ होती, आवळून दगड झालेली. ती गाठ कित्येक दिवसांत कुणी सोडली नव्हती. साहेब नुसते पाय सरकवून बूट घालत होते. मग रोज चढावर ते काय बांधत होते? मी तिथल्या बाकावर बसलो. आम्ही रोज त्यांच्याभोवती उभे राहून पाणी पीत होतो, आणि तो माणूस तिथं गुडघ्यावर बसून छातीतली कळ जिरवत होता.

तेरावा झाल्यावर यूसुफभाई, बबन आणि मी साहेबांच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मुली सासरी परतल्या होत्या. झालेलं त्यांना सांगणं भाग होतं. मी उभ्यानंच बोललो.

"वहिनी, साहेब पडले तेव्हा आम्ही लगेच हललो नाही. सावधानमध्ये उभे राहिलो."

वहिनींनी आमच्याकडे बघितलं. त्या रागावतील, हाकलून देतील, असं वाटलं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं त्यांच्या छातीत दाटत हुतं. जिना चढले की मदीच बसायचे. म्या म्हनलं, डाक्टरकडं चला. तर म्हनले, कुनाला बोलायचं न्हाई, हुकूम हाय. पोरींना बी न्हाई, आन् तुमाला तर बिलकुल न्हाई. म्हनायचे, म्याच सिक रिपोर्ट केला तर ती म्हातारी मानसं परत टीवीम्होरं बसतील." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमी घटकाभर उभे राहिलात, भावजी. म्या दिवाळीपासनं उभी हुते."

यूसुफभाईनं चष्मा काढून हातात धरला. आमच्यासाठी, आमची ढेरी परत सुटू नये म्हणून, हा माणूस गप्प राहिला होता.

वहिनी चहा टाकायला उठल्या आणि दोन पावलांवर भिंतीला हात लावून थांबल्या.

"काय झालं, वहिनी?" बबननं विचारलं.

"काय न्हाई. हुईल बरं."

"वहिनी."

त्या हळूच म्हणाल्या, "चक्कर येती. लई दिस झाले. त्यांच्या गडबडीत सांगायचंच ऱ्हायलं."

बबन चपला न घालताच रिक्षा बघायला रस्त्यावर धावला. यूसुफभाईनं डॉक्टरांना फोन लावला आणि या खेपेला नीट मराठीत बोलला. मी वहिनींना खुर्चीत बसवून पाणी दिलं. समोर भिंतीवर साहेबांचा वर्दीतला फोटो होता, त्यावरचा हार अजून ताजा होता. मला त्यांचा भयंकर राग आला. तेवढ्याच जोरात रडूही आलं, आणि फौजेत पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच मी ते गिळलं नाही.