थंडीचं नाव

आम्हा भावंडांना काखेत घेऊन आई लस टोचून घ्यायला अंजनगावपर्यंत पायी जायची. म्हणून बी.एस्सी. होऊन मी लसीच्या फिरत्या गाडीवर लागले, याचा मला अभिमान होता.

गाडीतल्या फ्रीजची वेगळी बॅटरी हिवाळ्यात चार्जच होत नसे. अकोल्याच्या गॅरेजातला वायरमन कानांना मफलर गुंडाळून यायचा, बॅटरीवर पान्ह्यानं टकटक करायचा आणि म्हणायचा, "थंडी हाये, ताई. बॅटरी उतरतेच." मग बॅटरी बदलून, चहा पिऊन जायचा. खाली वाकून वायर त्यानं कधीच पाहिली नाही.

एका दुपारी फ्रीज बंद पडून सगळी लस नासली. लेकरं घेऊन चालत आलेल्या बाया मला परत पाठवाव्या लागल्या. तशीच मी ड्रायव्हरला गाडी त्याच्या गॅरेजासमोर उभी करायला लावली.

"बॅटरी नवीच हाये. वायर पाहा," मी म्हणाले.

"कॉलेजात हेच शिकवलं काय तुमाले, मॅडम?"

"हो. आता वाका."

इंजिनाकडून बॅटरीला येणाऱ्या चार्जिंगच्या वायरचं टोक हिरवं पडून सुटलेलं होतं. त्यानं ते मफलरनं पुसलं, घट्ट आवळलं आणि मान वर न करता म्हणाला, "थंडीनंच गंजलं."

तोंडात आलेली शिवी मी गिळली.

त्या हिवाळ्यात पुढे एकही लेकरू लसीवाचून परत गेलं नाही.