न्यूज सर्व्हर आणि घोडेगावची म्हैस

"मॅडम, तुमच्या जगात आमचा ग्रुप नाही," डॉक्टर माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. "पुण्याला लेकाकडे गेलो होतो. तिथून शोधला. कुठंच नाही."

मी हसले. समोरच्याला काही कळत नाही असं वाटलं की मी त्या काळी फार हसायची. संगमनेरच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते. तशी पाटी मीच करवून घेतली होती. नात विचारते, आजी, तू हुशार होतीस का गं? हुशारीचं माहीत नाही, पाटी होती.

डॉक्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. आमची कंपनी तेव्हा न्यूजग्रुप चालवायची. न्यूजग्रुप म्हणजे चावडीवरच्या फळ्यासारखा प्रकार. एकाने लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं, वाटलं तर खाली उत्तर द्यायचं. हा फळा ज्या मशीनवर राहतो तो न्यूज सर्व्हर. असे सर्व्हर जगभर होते आणि एकावर लिहिलेलं बाकीच्यांवर आपोआप कॉपी व्हायचं. त्याला म्हणायचं फीड. आमचा एक ग्रुप दुभत्या जनावरांचा. शेतकरी विचारायचे, डॉक्टर उत्तरं द्यायचे. वर्षानुवर्षं, हौसेनं.

मग शहरांतल्या बड्या कंपन्यांनी न्यूज सर्व्हर बंद करायला घेतले. आमच्या शेठना वेगळं कारण लागत नसे. बड्यांनी केलं, झालं.

"काढून टाका तो सर्व्हर. लोक आता वेबसाईटवर बोलतात."

"शेठ, डॉक्टरांचा ग्रुप?"

"कोण वाचतं? शेणामुताच्या गप्पा."

मी मान डोलावली. वर ग्राहकांना ईमेलही मीच लिहिली, की काळजी नसावी, आपला ग्रुप जगातल्या कोणत्याही सर्व्हरवर वाचता येईल. मग डिस्क पुसून कोरी केली आणि दुसऱ्या कामाला लावली. फार कर्तबगार बाई.

आता डॉक्टरांना शोधता आला नसेल म्हणून मी त्यांच्यादेखत ऐटीत शोधायला बसले. एका सर्व्हरवर नाही. दुसऱ्यावर नाही. आणि मग आठवलं. ग्रुप सुरू झाल्या झाल्या त्याचं फीड मीच बंद केलं होतं, म्हणजे पत्रं आमच्या सर्व्हरबाहेर कधी गेलीच नव्हती.

त्याचं कारण एक म्हैस. ग्रुपवरचं पहिलंच पत्र, रोमन लिपीतल्या मराठीत: 'घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस व्याली. वार पडत नाही. काय करू?' वार म्हणजे व्याल्यावर रेडकामागून बाहेर पडते ती गर्भाची पिशवी. हे अमेरिकेत कुणी वाचलं तर कंपनीबद्दल काय म्हणेल, या विचाराने मला घाम फुटला होता. जशी काही अमेरिका चहा टाकून संगमनेरच्या फीडची वाट बघत बसली होती.

"म्हणजे गेलं सगळं?" डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसले. "तुमच्याकडे आहे म्हणून मी बिनघोर होतो. पुन्हा लिहायचं तर आता डोळे साथ देत नाहीत."

मी शेठकडे गेले.

"नव्या वेबसाईटवर डॉक्टरांना एक पान देऊन टाका," शेठ म्हणाले.

"पानावर घालू काय?"

"फोटो घाला की."

तिथून बाहेर पडताना मला रंगनाथभाऊ आठवले. प्रवरेकाठच्या एका गावच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी. सकाळी लोक दूध घालायला आले की भाऊ ग्रुपवरची पत्रं मोठ्याने वाचून दाखवत. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. वाचन रंगलं की फोन अडकायचा, दुधाच्या टँकरवाल्याचा फोन लागायचा नाही आणि शिव्या मला बसायच्या. त्या शिव्या थांबवायला मी भाऊंना एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. सगळी पत्रं त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरायची, मग फोन सोडून निवांत वाचायचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने डेअरी गाठली. किटल्यांची रांग लागलेली.

"भाऊ, ग्रुपची जुनी पत्रं पुसली तर नाहीत ना?"

"पुसाया कुनाला येतंय? तुमची ईमेल आल्ती. जगात कुठं बी वाचा म्हनं. मग तुमी हितं कशा म्याडम? जग सपलं का?"

रांग हसली.

"सीडीवर कॉपी करून नेते."

"न्या की. पन ग्रुप बंद झाल्यापासनं लोकांनी काय ऐकलं न्हाई. आधी वाचा मंग न्या."

"मी वाचू?"

"बंद कुनी केला?"

फाइल उघडली तर पहिलं पत्र तेच. घोडेगावची म्हैस. मी वाचलं, पण 'वार' शब्द आला तशी पुटपुटले.

"मोठ्यानं वाच की गं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली. "वार म्हनाया लाजती व्हय? तू काय झाडाला लागली हुतीस?"

मग वाचलं. वार, सड, कास, हगवण, सगळं खणखणीत. हाताने वार ओढू नका, डॉक्टरला बोलवा, हे डॉक्टरांचं उत्तरसुद्धा. रांग संपेपर्यंत भाऊंनी मला उठू दिलं नाही.

सीडी डॉक्टरांना दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घालून वरून हात ठेवला. शेठनी तीच पत्रं वेबसाईटवर चढवली, मथळा दिला 'आमच्या कंपनीने जपलेला ठेवा' आणि खाली स्वतःचा फोटो. पुढे ती वेबसाईटही बंद झाली. बड्यांनी केल्या असतील.

मी तेव्हापासून एक नियम पाळते. जे जगाला दाखवायची लाज वाटेल, त्याची कॉपी आधी काढायची. आणि ती कंपनीत नाही, डेअरीत ठेवायची.