चावीचे फेरे

त्याला सगळे चावीवाला म्हणत. पालिकेचं पाणी सोडायची लोखंडी चावी, कमरेपेक्षा उंच, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून तो वीस वर्षं सकाळी बाहेर पडत होता. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, फेरे मोजत फिरवायची. बावीस फेऱ्यांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. तोंड बंद ठेवलं म्हणून नोकरी टिकली, असं त्याचं मत होतं.

घर मात्र हल्ली गप्प राहीना. सोळा वर्षांची लेक आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ जेवताना नगरसेवकाच्या नावानं खडे फोडत. नळाशेजारच्या भिंतीवर दोघांनी पेन्सिलीनं तक्ता काढला होता: आपल्या गल्लीला पाणी किती मिनिटं, वरच्या वसाहतीला किती.

"भिंत रंगवायला तुमचा नगरसेवक येणार आहे का?" बायको म्हणाली.

"येईल की. मतं मागायला येतोच," भाऊ म्हणाला.

"आई, वरच्यांना पन्नास मिनिटं, आपल्याला चव्वेचाळीस. रविवारच्या वॉर्डसभेत मी हे वाचणार," लेक म्हणाली.

चावीवाल्याचा घास तोंडातच फिरत राहिला. वेळ दोन्हीकडे सारखीच होती. गल्ली लाइनच्या अगदी टोकाला. रिकाम्या पाइपातून आधी हवाच येते, म्हणून नळाला पाणी सहा मिनिटं उशिरा लागतं. इंजिनिअर साहेब हे एका वाक्यात सांगतील आणि सभा हसेल. खरा फरक मिनिटांत नव्हताच. तो कशात होता ते साहेबांना माहीत होतं आणि त्याला. तिसऱ्या कुणाला नाही.

तीन दिवस तो मिठाची गुळणी धरून बसला. समोरचा चहा निवून जाई. तुटलेली चप्पल शिवायला म्हणून बाहेर पडला आणि तशीच फरफटत परत आला. बायको म्हणाली, "अंगात काय भरलंय तुमच्या? बसा की एका जागी."

शनिवारी तो लेकीला म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

वरच्या वसाहतीच्या झाकणापाशी त्यानं तिच्या हातात चावी दिली. "मोज."

ती अंगाचा सगळा भार टाकून फिरवत गेली. बावीसला चावी अडली. मग दोघं आपल्या गल्लीच्या झाकणापाशी आले. तिथं नवव्या फेऱ्याला त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"अजून फिरतेय, बाबा."

"फिरते. फिरवायची नसते."

"कोण म्हणतं?"

"साहेब. लेखी नाही, तोंडी."

ती आधी चावीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. "आणि तुम्ही रोज..."

"रोज."

घरी आल्यावर ती सरळ नळापाशी गेली. भिंतीवरच्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. त्यात काही लिहिलं नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. चावीवाला शेवटच्या रांगेत, खुर्चीत विंचू असल्यासारखा बसला होता. लेक उभी राहिली. कागद जुनाच. पन्नास आणि चव्वेचाळीस. फेऱ्यांचं नाव नाही. बापाच्या पोटावर पाय नको म्हणून तिनं ते गाळलं, हे त्याला कळलं.

साहेबांनी पाइपातली हवा समजावून सांगितली. हसतमुखानं. "बाळ, राजकारण नंतर. आधी विज्ञानाचा अभ्यास कर."

हॉल हसला. "हसताय काय?" भाऊ ओरडला, कुणीतरी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. लेक कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. तिचे कान लाल झाले होते. एका वाक्यात साहेबांचं हसू उतरलं असतं. ते वाक्य तिच्याकडे होतं आणि ती ते गिळत होती, अगदी त्याच्यासारखं.

चावीवाला उठला तेव्हा खुर्ची मागे आडवी झाली.

"मिनिटं सोड, पोरी," तो म्हणाला. आवाज नको इतका मोठा निघाला. "फेरे विचार साहेबांना. आपल्या गल्लीला मी किती देतो, आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते विचार."